काकांनी पास केलेले रस्ते

आमच्या घरमालकांना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सायकलीबद्दल आहे आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा कुणी जुना सायकलपटू असणार. ते आयुष्यात कधी सायकलवर बसलेच नव्हते. का, असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळे. मला म्हणाले, "डाव्या कानात दोष हाय, तोल जातो." चौकातल्या चहावाल्याला त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी सायकल शिकताना बैल मागं लागला. काकूंना लग्नानंतर कधीतरी म्हणाले होते की आमच्या घराण्यात सायकल चालत नाही. "आता घरानं म्हंजे काय, ह्यांचे दोन चुलते आन हे," असं म्हणून काकू हसायच्या. खरं कारण कुणालाच कळलं नाही. पुढे पुढे मीही विचारायचं सोडून दिलं.

पण सायकलवरून दिवसभर हिंडायला आपल्या नगर जिल्ह्यात कुठला रस्ता चांगला, हे शोधण्याचा त्यांना नाद होता. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. उसाच्या नोंदी घेत मोटरसायकलवरून गावोगाव हिंडायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटरसायकल विकली आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. ती ते सायकलच्या वेगाने चालवत. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा खिडकीबाहेर, तळवा पुढे धरलेला. वारा किती लागतो ते बघायला. मागून ट्रॅक्टर आणि टेम्पो हॉर्न वाजवून थकत, काका ढिम्म. एकदा सोनईजवळ एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कुनाची मयत हाय का?"

"न्हाई. रस्ता बघतोय."

तो माणूस मग बराच वेळ व्हॅनच्या बरोबरीने चालत राहिला. रस्त्यात एवढं काय आहे, ते तोही बघत होता.

रस्ते त्यांच्याकडे पास होत किंवा नापास. सकाळचं वारं समोरून हवं, म्हणजे दमल्यावर येताना ते पाठीवर मिळतं. अकराला सावली हवी. एक वाजता कुणाचं तरी उघडं दार हवं. "आन चारला बघायला कायतरी पायजे, न्हाईतर मानूस निस्ता घर कवा येतंय म्हनून येतो." दोन्ही बाजूंनी चिंचा असलेला एक रस्ता मला फार आवडला होता, तो त्यांनी नापास केला. मी कारण विचारलं. म्हणाले, "गाव चांगलं हाय, पन दुपारी समदे रानात. बाईमानसानं पानी कुनाकडं मागायचं?" पाण्याचीही परीक्षा असे. विहिरीचं, हापशाचं, टाकीचं, जिथलं मिळेल तिथलं पाणी ओंजळीत घेऊन ते पीत आणि थोडा वेळ डोळे मिटून उभे राहत. मग नुसती मान हलवत. ती होकाराची की नकाराची, हे काकूंनाच कळायचं.

हे सगळं ते कुणासाठी करत होते, हा प्रश्न कुणालाही पडेल. माझ्या आधी त्यांच्या खालच्या खोल्यांत एक बँकेतले साहेब राहत. त्यांच्याकडे सायकल होती आणि रविवारी कुठे जावं हे त्यांना सुचत नसे. काकांनी एकदा सहज म्हणून एक रस्ता सांगितला. साहेब संध्याकाळी उजळलेल्या तोंडाने परत आले. तिथून हा नाद लागला. साहेबांची बदली झाली, पण काकांचा शोध चालूच राहिला. रस्ते पास होत होते आणि त्यांवरून जाणारं कुणी नव्हतं.

मी श्रीरामपूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला आले आणि बेलापुरात त्यांच्याकडे खालच्या दोन खोल्या घेतल्या. आई माझ्याबरोबर होती. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक बाई दिवसभर तिच्यापाशी असे, तरी माझा जीव फोनमध्ये अडकलेला. तास चालू असतानाही फोन टेबलावर समोर असायचा. कुणाच्या लग्नाला गेले नाही, सहलीला गेले नाही, कॉलेजपलीकडच्या दुकानातसुद्धा घाईने जाऊन घाईने यायची. फोन आला की वीस मिनिटांत घरी पोचता आलं पाहिजे, एवढ्याच गोलात मी तीन वर्षं राहिले. मग आई गेली.

लोक म्हणाले, आता तुलाही जरा मोकळं झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण झालं उलटंच. तो गोल तसाच राहिला. एकदा मैत्रिणीकडे संगमनेरला निघाले आणि बस बाभळेश्वरच्या पुढे गेल्यावर छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले. पुढच्या थांब्यावर उतरून परत आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय उत्तम आहे, व्यायाम करा. म्हणून मी सायकल घेतली. घेतली आणि जिन्याखाली प्लॅस्टिक घालून ठेवून दिली.

काका रोज जिना उतरताना तिच्यापाशी थांबत. एका रविवारी सकाळी मी दार उघडलं तर सायकलचं प्लॅस्टिक काढलेलं, चाकांत हवा भरलेली आणि काका बाजूला उभे.

"मॅडम, पाटाच्या कडंनं एक रस्ता हाय. सपाट. बाभळीची सावली हाय. जाऊन बगा."

गेले. पाटाला पाणी सुटलेलं होतं, कडेने ऊस, वारा समोरून. मी खरोखर खूष होते. आणि गावाची टाकी दिसेनाशी झाली तशी छाती धडधडू लागली. मी सायकल वळवली आणि जीव घेऊन परत आले. काका ओट्यावरच बसले होते. मी म्हणाले, ऊन लागलं. त्या वेळी साडेसातसुद्धा वाजले नव्हते. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं. "व्हय, आज लई ऊन हाय," म्हणाले.

पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा व्हॅन माझ्यापुढे निघाली. मागून कुणी असतं तर मला लाज वाटली असती. पण ती पुढे होती, तिच्या वेगाने, खिडकीतून हात बाहेर आलेला. मला वाटलं, काका स्वतःच्या कामाला निघालेत. मी त्या हाताकडे बघत चालवत राहिले. परत फिरायचं ठिकाण कधी मागे पडलं ते कळलं नाही. त्यानंतर दर रविवारी रस्ता थोडा लांबत गेला. आणि व्हॅन थोडी जास्त पुढे राहू लागली. कधी वळणाआड जायची, पुढच्या झाडाखाली उभी दिसायची. मी पोचले की काका एवढंच म्हणत, "वारं कसं हुतं?" माझ्या छातीबद्दल, आईबद्दल, घरात बसून राहण्याबद्दल ते कधीही एक शब्द बोलले नाहीत. माहीत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी बेत मांडला. व्हॅनमध्ये सायकल टाकायची, जिल्हाभर जायचं, जिथे मुक्काम तिथून मी दिवसभर सायकल चालवायची, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. काकू भाजी निवडत होत्या.

"आन मी काय करायचं?" त्या म्हणाल्या.

"तू बग की."

"काय बगू?"

"झाडं, डोंगर, पानी."

"झाडं हितं बी हायेत." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोव्ह, कुकर, शेंगदाण्याची चटणी आणि एक उशी व्हॅनमध्ये चढवली. पुढच्या सीटवर त्या बसायच्या, व्हॅन गावाबाहेर पडली की झोपायच्या, आणि जेवणाच्या वेळेला बरोबर जाग यायची. सबंध प्रवासात त्यांनी डोंगर किती बघितले माहीत नाही, पण मी दमून आले की गरम पिठलं तयार असायचं.

पहिला मुक्काम सोनईला, काकांच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडे. आदल्या दिवशी काका एकटेच रस्ता बघून आले. मी सकाळी लवकर निघाले. नेवासा मागे टाकून प्रवरासंगमाकडे, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते तिथपर्यंत. खालच्या धरणाचं इथवर आलेलं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात लोक काकड्या-कलिंगडं लावतात. हिरवे पट्टे पार पाण्याच्या कडेपर्यंत गेले होते आणि पाण्यात पांढरे बगळे उभे. मी सायकल टेकवून किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक.

पण त्या दिवसातली मजा वेगळीच होती. वाटेत पाण्याला ज्या घरापाशी थांबावं, तिथली माणसं मला ओळखत असल्यासारखी पुढे येत. पाणी देत, बसायला गोधडी टाकत, आणि मग ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहत. कुणी काही विचारेना. खेड्यात हे होत नाही. बाई एकटी सायकलवर, एवढ्या उन्हात, कुठली, कुणाची, कुठे चाललीस, हे सगळं विचारल्याशिवाय तिथे कुणी पाण्याचा तांब्या हातात देत नाही. शेवटी एका म्हातारीने सांगून टाकलं.

"एक पांढऱ्या गाडीवाला सांगून गेलाय काल. चष्म्याची बाई यील. पानी द्या, सावली द्या, पन कुटं चालली आन का चालली ते इचारू नका." तिने तांब्या पुन्हा भरून दिला. मग म्हणाली, "पन जेवलीस का, येवढं तर इचारू का न्हाई?"

मी म्हणाले, विचारा की. तिने भाकरी आणि आमटी पुढे केली.

संध्याकाळी मी काकांना म्हणाले, तुम्ही सगळ्यांना असं सांगून ठेवलंत? ते व्हॅनची काच पुसत होते. "लोकं लई इचारत्यात मॅडम. मानूस मग सांगत बसतं. रस्ता बघायचा राहून जातो."

सोनईहून आम्हाला पार दुसऱ्या टोकाला जायचं होतं, भंडारदऱ्याला. काकू म्हणाल्या, बेलापूर काही फार लांब पडत नाही, घरावरनं घ्या, कुंड्यांना पाणी घालू, लोणच्याची बरणी राहिलीय. काकांनी राहुरीवरूनच गाडी घेतली. काकूंनी दोनदा सांगून बघितलं.

"कुंड्यांना शेजारीन पानी घालतीया," काका म्हणाले.

"आन लोनचं?"

"लोनच्याला काय हुतंय?"

मी मागे सायकलीशेजारी बसले होते. घर इतक्या जवळून जातंय आणि आपण तिकडे वळत नाही, हे मी खिडकीतून बघत राहिले. गाडी वळली असती तर मी उतरले असते आणि पुन्हा व्हॅनमध्ये बसले नसते, हे मला त्याच क्षणी पक्कं समजलं. लोणी गेलं, संगमनेर गेलं, अकोले गेलं, मग डोंगर जवळ आले. काकू झोपल्या होत्या.

भंडारदऱ्याला आम्ही धरणाजवळच्या शेंडी गावात उतरलो. धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता आहे, दिवसभर पुरेल असा. घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीला यायचं. काकांनी तो आदल्या दिवशी सबंध फिरून पास केला होता. एरवी व्हॅन माझ्यापुढे असायची. त्या दिवशी काकूंना रतनवाडीचं देऊळ बघायचं होतं, सबंध प्रवासात त्यांनी स्वतःहून बघायला मागितलेली ती एकच गोष्ट. तेव्हा ठरलं असं की मी एका बाजूने निघायचं, त्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि जेवणाच्या वेळेला साम्रदला भेटायचं.

सकाळ फार सुंदर होती. पाणी खाली गेलेलं, काठाची लाल माती उघडी, करवंदांच्या जाळ्या काळ्या पडलेल्या. पानाच्या द्रोणात जांभळं घेऊन एक बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. तिनेही मला काही विचारलं नाही, नुसती हसली. घाटघरपर्यंत मी मजेत गेले. तिथे फोन बघितला तर रेंज नव्हती.

साम्रदला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. व्हॅन नव्हती. काकांनी सांगून ठेवलेलं घर सापडलं, तिथल्या आजींनी ओसरीत पोतं टाकून दिलं. मी बसले. वाट बघितली. व्हॅन आली नाही. मी फोन घेऊन अंगणाच्या चारी कोपऱ्यांत उभी राहून बघितलं. रेंज नाही. आणि मग ते सुरू झालं. छाती, हात, घसा. फोन लागत नाही म्हणजे घरून कुणीतरी लावत असणार, काहीतरी झालं असणार आणि मी इथे या डोंगरात, कुणाला पोचता येणार नाही अशा ठिकाणी. ही माझी तीन वर्षांची सवय होती. ती मला विचारून येत नव्हती.

फोनकडे बघता बघता माझ्या मनात आलं, की लागला असता तरी लावणार कोण? घरी कुणी नाही. आई नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीच तिला पोचवून आले होते. पण त्या ओसरीत ते मला पहिल्यांदा नीट कळलं. मी रडायला लागले. आई गेली तेव्हा माणसांची, जेवणांची व्यवस्था बघत होते, तेव्हा एवढं रडले नव्हते.

आजी आतून आल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांनाही सांगून ठेवलेलं असणार, त्यांनी काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि जरा अंतरावर, माझ्याकडे पाठ करून, करवंदं निवडत बसल्या. माझं रडणं संपेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.

मग मी तोंड धुतलं. छाती शांत झाली होती. मागे फिरावं तर आलेला सगळा रस्ता, पुढे जावं तर न बघितलेला. मी आजींना म्हणाले, रतनवाडीकडे जाते. त्यांनी ओंजळभर करवंदं माझ्या पिशवीत घातली.

पुढे जंगलातून चढ होता. कधी चालवत, कधी ढकलत मी वर गेले. रस्त्यावर माणूस नव्हतं. भीती वाटेल म्हणून मी वाट बघत होते, पण ती काही आली नाही. चढाच्या शेवटी वळणावर समोरून एक माणूस पायी येताना दिसला. डोक्यावर ओला टॉवेल, एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. काका होते. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, तोंड लाल झालेलं.

"गाडी नालीत गेली," ते दुरूनच म्हणाले. "मोरीचं काम काढलंय, काल न्हवतं. काकू बसलीया तितंच, मला बोल लावत. फोन लागंना. म्हनलं, मॅडम वाट बघत्याल."

मी म्हणाले, एवढ्या उन्हात चालत आलात?

"येवढं काय न्हाई." त्यांनी कॅन पुढे केला. मी पाणी प्यायले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळे सुजलेले असणारच. विचारतील असं वाटलं.

"वारं कसं हुतं?" ते म्हणाले.

"चांगलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी सायकल वळणाच्या कडेला घेतली आणि म्हणाले, चला, आपण दोघं चालतच जाऊ. त्यांनी डबा सायकलच्या मागे बांधला आणि हँडलवर हात ठेवला.

"सायकलवर बसा. हितनं खाली गाडीपोतर उतार हाय. पान्यापोतर समदं दिसतं. ह्यो रस्ता ह्या उतारासाठीच पास केला. पायी गेलात तर काय उपेग?"

"आणि तुम्ही?"

"मी येतो की मागनं. मला कुटं घाई हाय?"

मी निघाले. तो उतार मी कुणाला सांगू शकत नाही. रस्ता झाडांतून बाहेर आला आणि खाली धरणाचं पाणी, पलीकडे डोंगर, कानांत नुसता वारा. मी पॅडल मारत नव्हते, ब्रेकही अगदी थोडा. मध्येच मी मोठ्याने हसले. कधीपासून हसले नव्हते, ते आठवण्याच्या फंदात पडले नाही.

खाली व्हॅन एका अंगाने नालीत कललेली होती. काकू शेजारी दगडावर उशी घेऊन बसल्या होत्या.

"ते कुटं हायेत?"

"येताहेत चालत."

"येऊ द्या. तुमी जेवून घ्या आदी. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या."

मी डबा सोडून त्यांच्यापाशी ठेवला. व्हॅनमधून पाण्याची भरलेली बाटली आणि काकांची टोपी घेतली, आणि सायकल पुन्हा चढाकडे वळवली. काकू मागून काहीतरी म्हणाल्या. बसून चालवणं जमेना तशी उतरून ढकलत गेले. पाय भरून आले होते. निम्म्या चढावर काका भेटले, टॉवेल आता वाळलेला. मी टोपी आणि बाटली पुढे केली. त्यांनी दोन्ही घेतलं, पण घोट घ्यायच्या आधी माझ्याकडे, सायकलकडे आणि खाली जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं.

"परत चढून आलात?"

"हो."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि एक घोट घेतला.

"मंग बरंच झालं," ते म्हणाले. "निम्मा का व्हईना, उतार परत मिळंल तुमाला."